डोळ्यांभोवतीची आणि ओठांची त्वचा: आधी काय थांबवायचं, मग काय लावायचं

प्रश्न थोडक्यात असा: वय 36. वर्षभरापासून वरच्या पापण्या कोरड्या पडतात, खाजतात, त्यांची सालं निघतात. डोळ्यांखाली काळसरपणा आहे. दर तासाला लिपबाम लावूनही ओठ फुटतात. घरात पडलेलं स्टेरॉइडचं मलम पापण्यांना लावलं की चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. अशा वेळी कोणती आय-क्रीम घ्यावी? आणि आईच्या तोंडाचे कोपरे सारखे चिरतात, तिला हाच लिपबाम चालेल का?

आय-क्रीम आत्ता कोणतीच घेऊ नका. गेली 22 वर्षं मी त्वचारोगांची प्रॅक्टिस करतो आहे, आणि पापण्यांची सालं निघणारी जी माणसं माझ्याकडे येतात त्यांच्यापैकी बहुतेकांनी आधीच पाच-सहा गोष्टी लावून पाहिलेल्या असतात. त्यांचा त्रास काही लावायचं राहून गेल्यामुळे होत नसतो. नको ते पापणीपर्यंत पोहोचत असतं, म्हणून होत असतो. तुमचं वर्णन वाचून मला हाच संशय येतो. त्यात सातवी वस्तू घातली, तर नेमकं कशाने होतंय हे शोधणं आणखी अवघड होईल.

पापणीची त्वचा साऱ्या शरीरात सर्वांत पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्याखाली चरबीचा थर जवळपास नसतोच. त्वचा संपली की लगेच स्नायू. हा स्नायू मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो, म्हणजे ही त्वचा दिवसभर घडी पडत आणि उलगडत असते. ओठांची गोष्ट थोडी वेगळी. ओठांच्या लालसर भागावर केस नाहीत, घामाच्या ग्रंथी नाहीत, तेलग्रंथी असल्या तर तुरळक. इतर त्वचेला स्वतःचं तेल-घामाचं पातळ पांघरूण असतं, ते ओठांना मिळत नाही. वरचा संरक्षक थर नाजूक असल्यामुळे आतलं पाणी भराभर उडून जातं. ओठ लाल दिसतात तेही याच पातळपणामुळे. आपल्याला दिसतो तो रंग खालच्या रक्तवाहिन्यांचा असतो.

पातळ त्वचेचा आणखी एक परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. वर लावलेलं औषध प्रत्येक जागी सारखं आत जात नाही. 1967 साली फेल्डमन आणि मायबाख या दोन संशोधकांनी हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावून ते किती शोषलं जातं हे मोजलं. हाताच्या पुढच्या भागाच्या तुलनेत कपाळावर ते सुमारे सहापट आणि जबड्याच्या कडेला सुमारे तेरापट शोषलं गेलं. पापणी तर या दोन्हींपेक्षा पातळ. म्हणून हाताला चालणारं मलम डोळ्यालाही चालेल, असं धरून चालू नये.

आता पापण्यांकडे येतो. काही वर्षांपूर्वी एक बाई आल्या होत्या. आठ महिने दोन्ही वरच्या पापण्या लाल, खरखरीत, मधूनच सुजणाऱ्या. त्या डोळ्यांना काहीही लावत नव्हत्या, काजळ-आयलायनर तर केव्हाच सोडलं होतं. तोंड धुवायचा साबण दोनदा बदलून झाला होता. त्या बोलत होत्या आणि मी त्यांच्या हातांकडे बघत होतो. दहा मिनिटांत चार वेळा तर्जनीचं टोक पापणीवर गेलं. एकदा खाजवायला, एकदा केसाची बट मागे सारताना, दोनदा नुसतंच. नखांवर नवं कोरं जेल पॉलिश. पॅच टेस्टमध्ये (त्वचेवर रसायनं लावून अॅलर्जी शोधायची चाचणी) पॉलिशमधल्या अॅक्रिलेट या रसायनाची अॅलर्जी निघाली. बोटांच्या टोकांना काहीही झालेलं नव्हतं, कारण तिथली कातडी जाड असते. तीच गोष्ट पापणीला मात्र पुरून उरली होती. पॉलिश काढलं आणि काही आठवड्यांत पापण्या पूर्ववत झाल्या. औषध जवळजवळ लागलंच नाही.

हे उदाहरण मुद्दाम सविस्तर सांगितलं, कारण पापण्यांच्या इसबात गुन्हेगार बहुतेकदा पापणीवर लावलेला नसतोच. तो दुसरीकडून येतो. केसांचा रंग (त्यातलं पीपीडी हे रसायन), शाम्पू-कंडिशनर डोक्यावरून ओघळताना, नखांचं पॉलिश, हवेतला अत्तराचा किंवा रूम फ्रेशनरचा फवारा, पापण्यांचे केस वळवायच्या चिमट्यातलं निकेल, ओल्या वाइप्स खराब होऊ नयेत म्हणून त्यांत घातलेली रसायनं. निओमायसिनसारखी प्रतिजैविकं असलेले किंवा टिकाऊपणासाठी बेन्झाल्कोनियम क्लोराइड घातलेले डोळ्यांचे थेंब हेही नेहमीचे संशयित. आणि ज्यावर कोणी संशय घेत नाही ते म्हणजे ‘नैसर्गिक’ म्हणून घेतलेलं सुवासिक तेल. वनस्पतीतून आलेला सुगंधही अॅलर्जी देतो, अगदी कारखान्यातल्यासारखीच.

म्हणून पुढचे तीन ते चार आठवडे असं करून बघा. चेहऱ्याला आणि डोळ्यांना लावायचं सगळं बंद. सुगंध नसलेला एक सौम्य क्लेन्झर आणि साधी पेट्रोलियम जेली किंवा सुगंध नसलेलं एखादं घट्ट मॉइश्चरायझर, बस्स. नखं कोरी. केस डोकं मागे झुकवून धुवा, फेस चेहऱ्यावरून उतरू देऊ नका. या काळात केस रंगवू नका. पापण्या शांत झाल्या की एकेक वस्तू परत आणा, दोन वस्तूंमध्ये किमान आठवड्याचं अंतर ठेवा. अॅलर्जीची प्रतिक्रिया लगेच येतेच असं नाही, बऱ्याचदा एक-दोन दिवसांनी उमटते, म्हणून घाई केली तर चुकीची वस्तू पकडली जाते. चार आठवड्यांनीही फरक नसेल, किंवा वस्तू परत आणताना गोंधळ उडाला, तर पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर ठरावीक रसायनांच्या पट्ट्या लावतात, साधारण 48 तासांनी काढतात आणि त्यानंतर आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. पाठ तेवढे दिवस कोरडी ठेवावी लागते, एवढाच त्रास. येताना वापरातल्या सगळ्या वस्तू पिशवीत भरून आणा, थेंबांच्या बाटल्यासुद्धा. मी त्या पिशवीतली एकेक वस्तू टेबलावर मांडून घेतो. उत्तर बऱ्याचदा पिशवीच्या तळाशी असतं.

स्टेरॉइडच्या मलमाबद्दल मला स्पष्टच बोललं पाहिजे. चार दिवस बरं वाटणं आणि मग पुन्हा उफाळणं, हाच त्या मलमाचा सापळा आहे. ते सूज दाबतं, कारण तसंच राहतं. दर वेळी थोडं जास्त दिवस लावावं लागतं. पापणीवर महिनोन्महिने लावल्याने त्वचा आणखी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि सर्वांत गंभीर म्हणजे औषध डोळ्यापर्यंत पोहोचून आतला दाब वाढू शकतो. त्यातून होणारा काचबिंदू चोरपावलांनी येतो. दुखत नाही, आणि लक्षात येतो तेव्हा गेलेली नजर परत आणता येत नाही. मोतीबिंदूचा धोका असतो तो वेगळाच. वर्षभरात हे मलम तुम्ही अधूनमधून का होईना लावत असाल, तर नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन एकदा दाब तपासून घ्या. हे टाळू नका. घाबरवायला सांगत नाही, तपासणी पाच मिनिटांची आहे.

पापण्यांवर स्टेरॉइड कधीच लावत नाहीत असं मात्र नाही. मी स्वतः काही रुग्णांना सौम्य हायड्रोकॉर्टिसोन मोजके दिवस देतो. पुढे गरज लागली तर टॅक्रोलिमस या स्टेरॉइड नसलेल्या औषधाचं मलम देतो. त्याने त्वचा पातळ होत नाही. पहिले काही दिवस ते चरचरतं, हे आधी सांगितलं नाही तर लोक दुसऱ्याच दिवशी सोडून देतात. पण ही औषधं तपासून, दिवस ठरवून द्यायची असतात. घरातली जुनी ट्यूब म्हणजे ती नव्हे. बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉइडबरोबर बुरशीनाशक आणि प्रतिजैविकही मिसळलेलं असतं, आणि प्रतिजैविकाचीच अॅलर्जी होऊन बसते.

पापण्या शांत झाल्यावर रोजची काळजी अगदी साधी. आय-क्रीम म्हणून जे मिळतं ते बहुतांशी मॉइश्चरायझरच असतं. सुगंध नसलेलं तुमचं चेहऱ्याचं मॉइश्चरायझर झोंबत नसेल, तर तेच पुरे. दोन्ही डोळ्यांना मिळून वाटाण्याच्या निम्म्याएवढं. ते पापणीच्या केसांपर्यंत लावायचं नाही. डोळ्याभोवती बोट फिरवून बघा, कवटीच्या खोबणीची हाडाची कड लागते. त्या कडेवर टेकवत टेकवत लावा. क्रीम अंगच्या उबेने स्वतःहून वर सरकतं, त्याला ढकलावं लागत नाही. सकाळी डोळे चुरचुरत असतील तर आदल्या रात्री ते फार वर लागलं होतं, असं समजा.

मेकअप काढण्याची पद्धत मला क्रीमपेक्षा महत्त्वाची वाटते. कापसाचा बोळा रिमूव्हरमध्ये भिजवून मिटलेल्या डोळ्यावर अर्धा मिनिट नुसता ठेवा, मग खाली ओढून घ्या. पाण्याने न निघणाऱ्या मस्कारासाठी तेलयुक्त रिमूव्हर लागतो, घासून मस्कारा निघत नाही, पापणी मात्र सोलवटते. मस्कारा तीन महिन्यांनी बदलावा आणि कोणाला वापरायला देऊ नये.

डोळ्यांखालचा काळसरपणा कशामुळे आहे, हे कळल्याशिवाय त्यावर पैसे घालवू नका. खिडकीसमोर आरसा घेऊन उभ्या राहा. खालच्या पापणीची कातडी बोटाने हलकेच बाजूला ताणा. रंग तसाच तपकिरी राहिला तर रंगद्रव्य. निळसर-जांभळी छटा जास्त गडद झाली तर खालच्या रक्तवाहिन्या. आता हनुवटी वर करून चेहऱ्यावर सरळ उजेड येऊ द्या. काळेपणा नाहीसा झाला, तर ती सावली आहे. डोळा आणि गाल यांच्यामधल्या खळगीची सावली, जी वयाबरोबर किंवा वजन उतरल्यावर खोल होते. बहुतेकांमध्ये यातलं एकाहून जास्त काही असतं.

तुमच्या बाबतीत पापण्या वर्षभर खाजताहेत, म्हणजे त्या चोळल्या जाताहेत. सूज आणि चोळणं या दोन्हींनी रंगद्रव्य खाली उतरून साचतं. सर्दीची अॅलर्जी असणाऱ्यांतही हेच दिसतं. तिथे नाक आणि खाज यांवर इलाज केला की डोळे उजळतात. खाज थांबल्यावर हा काळसरपणा हळूहळू फिका होतो, पण महिने लागतात. रक्तवाहिन्यांमुळे दिसणाऱ्या निळसरपणाला कुठल्याही क्रीमने मोठा फरक पडत नाही, हे मी रुग्णांना पहिल्याच भेटीत सांगतो. खळगीची सावली क्रीमने भरत नाही. फिलर, म्हणजे खळगी भरायला सुईने आत घालायचं द्रव्य, हा पर्याय आहे, पण या भागात सुई रक्तवाहिनीत गेल्याने दृष्टी गेल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. दुर्मीळ आहेत, तरी आहेत. म्हणून या जागेच्या शरीररचनेत मुरलेला आणि गुंतागुंत झाली तर ती हाताळू शकणारा डॉक्टर असेल, तरच त्या वाटेला जा.

रेटिनॉलबद्दल (अ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) नेहमी विचारलं जातं. बारीक सुरकुत्यांना त्याचा उपयोग होतो हे खरं. पण तुमच्या पापण्या पूर्ण बऱ्या होऊन दोन महिने गेल्याशिवाय नको. नंतर आठवड्यातून दोन रात्री, हाडाच्या कडेच्या बाहेर, आधी मॉइश्चरायझर आणि वर ते. डोळे कोरडे पडणाऱ्यांनी आणि गरोदरपणात ते टाळावं. पापण्यांचे केस वाढवणाऱ्या सीरममध्येही काय आहे ते वाचा. काहींत प्रोस्टाग्लँडिन गटातली द्रव्यं असतात. मूळची ही काचबिंदूच्या औषधांची जात. त्यातल्या बिमॅटोप्रोस्टला 2008 साली अमेरिकेत पापण्यांच्या केसांसाठी मान्यता मिळाली. केस वाढतात खरे, पण पापणी काळवंडू शकते आणि डोळ्याभोवतीची चरबी कमी होऊन डोळे खोल दिसू शकतात. काळ्या वर्तुळांची तक्रार घेऊन आलेल्या व्यक्तीला मी हे सीरम वापरता का, असं आवर्जून विचारतो.

सनस्क्रीन पापण्यांना लावलंच जात नाही. लिव्हरपूल विद्यापीठात काही लोकांना चेहऱ्याला सनस्क्रीन लावायला सांगून अतिनील किरण टिपणाऱ्या कॅमेऱ्याने फोटो काढले. चेहऱ्याचा सुमारे 10 टक्के भाग कोराच राहिला होता, आणि सर्वांत जास्त सुटलेली जागा पापण्यांची आणि डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्याची होती. त्वचेचा कर्करोग होतो त्या जागांमध्ये पापणीही आहे, म्हणून ही चूक किरकोळ नाही. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन कमी झोंबतं, कांडीच्या स्वरूपातलं असेल तर ओघळतही नाही. ते सोसत नसेल तर यूव्ही 400 लिहिलेला, बाजूनेही झाकणारा गॉगल आणि रुंद काठाची टोपी.

आता ओठ. दर तासाला लिपबाम लावूनही ओठ फुटत असतील, तर पहिला संशय लिपबामवरच घ्या. बामच्या डबीवरची घटकांची यादी वाचा. मेन्थॉल, कापूर, फिनॉल, सॅलिसिलिक अॅसिड, दालचिनी किंवा पुदिन्याचा स्वाद यातलं काही असेल तर तो आजच बंद करा. गार वाटतं, मुंग्या येतात, त्यामुळे काम होतंय असं वाटतं. खरं तर ती चिडलेल्या ओठाची तक्रार असते. लावला की दहा मिनिटं बरं, मग आणखी कोरडं, म्हणून पुन्हा लावायचा. तुमचा दर तासाचा हिशेब मला असाच वाटतो. लॅनोलिन, सुगंध आणि काही सनस्क्रीन द्रव्यांचीही ओठांना अॅलर्जी होते.

दुसरा संशय जिभेवर. लाळेने ओठ ओले करणं हे सर्वांत जुनं आणि सर्वांत वाईट मॉइश्चरायझर. लाळेत अन्न पचवणारी विकरं असतात, ती नाजूक कड चिडवतात, आणि लाळ उडून जाताना ओठातलं पाणीही घेऊन जाते. एका मुलाच्या तोंडाभोवती लालसर, खरबरीत कडं झालं होतं, अगदी कंपासने काढल्यासारखं. आईला ते नायट्यासारखं वाटत होतं. मी त्याला जीभ बाहेर काढून गोल फिरवायला सांगितलं. जीभ जिथपर्यंत पोहोचली, तिथेच ते कडं संपत होतं. आईने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि मला पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही. मोठी माणसंही हे करतात, विशेषतः स्क्रीनकडे बघताना, आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो. घरच्या कोणाला तरी दोन दिवस लक्ष ठेवायला सांगा.

तिसरा संशय टूथपेस्टवर. तिखट स्वादाची आणि भरपूर फेस करणारी पेस्ट (फेस सोडियम लॉरिल सल्फेटमुळे येतो) ओठांच्या कडेला लागून राहते. कमी स्वादाची, कमी फेसाची पेस्ट महिनाभर वापरून बघा आणि दात घासून झाल्यावर ओठ पाण्याने नीट धुवा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ओठ फुटणं जवळजवळ ठरलेलंच, तिथे कारण शोधत बसायला नको.

लावायचं काय? साधी पेट्रोलियम जेली. 1872 साली रॉबर्ट चेसब्रो यांनी व्हॅसलीनचं पेटंट घेतलं, आणि इतक्या वर्षांनंतरही फुटलेल्या ओठांसाठी मी हेच पहिलं सुचवतो. तिचा स्वाद नाही, वास नाही, अॅलर्जी क्वचित. ती पाणी देत नाही, असलेलं अडवते, म्हणून ओठ किंचित ओले असताना जाडसर थर द्यावा. झोपताना नक्की. निघालेली सालं दातांनी किंवा नखांनी ओढू नका, साखर घालून स्क्रब करू नका आणि टूथब्रशने तर अजिबात घासू नका. वर सुटलेलं साल खाली अजून घट्ट चिकटलेलं असतं, ते ओढलं की रक्त येतं आणि बरं होण्याचं चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. लिंबू चोळून ओठ उजळतात असं सांगितलं जातं, त्या वाटेला जाऊ नका. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड आणि मागाहून काळे डाग येऊ शकतात. दिवसा बाहेर असाल तर एसपीएफ 30 किंवा जास्त असलेला, स्वाद नसलेला लिपबाम, आणि तो दर दोन तासांनी व खाण्यापिण्यानंतर पुन्हा.

खालच्या ओठाकडे वर्षानुवर्षं ऊन झेलणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं. ओठ आणि त्वचा यांच्यातली रेषा पुसट होणं, पांढरट खरखरीत पट्टा, एकाच जागी पुन्हा पुन्हा येणारी खपली, तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा हाताला लागणारी गाठ, यातलं काहीही असेल तर लिपबाम बदलत बसू नका, दाखवून घ्या. उन्हाने बिघडलेला ओठ पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो, तंबाखू आणि धूम्रपानाने धोका आणखी वाढतो. पापणीचंही तसंच: न भरणारा फोड, एकाच जागचे केस गळणं, मोत्यासारखी चमकणारी गाठ. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्याजवळ पिवळसर चकत्या दिसल्या तर रक्तातलं कोलेस्टेरॉल तपासावं. निम्म्या लोकांत ते सामान्य निघतं, पण उरलेल्या निम्म्यांना वेळेवर कळतं. डोळ्यांखालचे पांढरे, कडक, खसखशीएवढे दाणे मात्र निरुपद्रवी असतात. ते घरी सुईने फोडू नका, इतकंच. पापणी अचानक सुजून डोळा दुखत असेल, दिसायला अंधुक होत असेल किंवा ताप असेल, तर त्वचेच्या डॉक्टरची वाट न पाहता त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

आईबद्दल: तोंडाचे कोपरे चिरणं आणि ओठ फुटणं हे दोन वेगळे त्रास आहेत, त्यामुळे तुमचा लिपबाम तिला देऊ नका. दात गेले किंवा कवळी झिजली की वरचा ओठ खालच्यावर थोडा जास्त बसतो, कोपऱ्यात घडी पडते आणि तिथे लाळ साचून राहते. त्या ओलाव्यात कॅन्डिडा ही बुरशी किंवा जिवाणू वाढतात. मलम बहुधा बुरशीनाशक लागतं, कोणतं ते बघून ठरवावं लागेल. बरं झाल्यावर रात्री कोपऱ्यांना पेट्रोलियम जेलीचा थर द्या म्हणजे लाळ कातडीला लागणार नाही. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवते का ते विचारा, आणि ती सैल झाली असेल तर दंतवैद्याकडून नीट बसवून घ्या. तेवढं करूनही चिरा परत येत असतील तर लोह, बी-12 आणि रक्तातली साखर तपासा. तिला येताना कवळी घालूनच आणा. ती तोंडात असताना कोपरे कसे दुमडतात, हे मला बघायचं असतं.